राखलेले रान : पर्जन्यछायेतील पडीक जमिनीवर देशी जंगल परत येते कसे

(शिर्डी येथील स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)

पडीक जमिनीवर देशी जंगल परत आणणे म्हणजे तिथली माती, पाणी, गवत, झुडपे, झाडे, किडे आणि पाखरे यांचा खंडित झालेला व्यवहार पुन्हा सुरू करून देणे. रोपे लावणे हा या कामाचा एक भाग आहे; अहिल्यानगर जिल्ह्यासारख्या कोरड्या मुलखात तर तो बहुधा शेवटचा भाग ठरतो. त्याआधी जमीन चराईपासून राखावी लागते, वाहून जाणारे पाणी आणि माती अडवावी लागते, गवत येऊ द्यावे लागते आणि जमिनीखाली जिवंत असलेल्या मुळांना फुटायला अवसर द्यावा लागतो. याच जिल्ह्यातील काही गावांनी हा क्रम पाळला. त्यांचे डोंगर हिरवे झाले आणि हिरवे राहिले.

मुलूख आणि त्याचे मूळ रान

अहिल्यानगर जिल्ह्यात पावसाचा फरक टोकाचा आहे. पश्चिमेला अकोले तालुक्यातील घाटघर, रतनवाडी या भागात वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. सह्याद्रीचा माथा ओलांडून पूर्वेकडे आले की तो झपाट्याने कमी होतो. संगमनेरचा पूर्व भाग, शिर्डी-राहाता, कोपरगाव, नगर आणि पारनेर हा सारा पट्टा पर्जन्यछायेत येतो. तिथे वर्षाचा पाऊस ४०० ते ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. तोही थोड्या दिवसांत, मोठ्या सरींनी पडतो आणि मध्ये आठवडेच्या आठवडे उघडीप जाते. जमीन दख्खनच्या काळ्या कातळाची आहे. नदीकाठी आणि सखल भागात खोल काळी माती, तर टेकड्यांच्या उतारावर वीतभर बरड आणि त्याखाली मुरूम.

अशा ठिकाणचे मूळ रान कोकणातल्यासारखे दाट, सदाहरित कधीच नव्हते. चॅम्पियन आणि सेठ यांनी १९६८ मध्ये भारतातील वनांचे जे वर्गीकरण केले, त्यानुसार या पट्ट्यातील वने शुष्क पानझडी आणि काटेरी प्रकारची आहेत. उतारावर अंजन, धावडा, सालई, खैर, मोई, मेडशिंगी. माळावर हिवर, बोर, हिंगणबेट, पळस, आपटा. त्यांच्या मधल्या जागेत तरवड, हेंकळ, नेपती, करवंद यांची झुडपे. ओढ्याकाठी करंज, अर्जुन, उंबर आणि बाभूळ. यातील बहुतेक झाडे कोरड्या दिवसांत पाने टाकतात. मार्च-एप्रिलमध्ये हे रान वाळून गेल्यासारखे दिसते, पण ते मेलेले नसते. पाने टाकून झाड आपल्यापुरते पाणी वाचवत असते, आणि गळलेली पाने मातीवर पांघरूण घालतात. उन्हाळ्यातही हिरवेगार दिसणाऱ्या झाडांचा आग्रह धरला, की या मुलखाच्या स्वभावाविरुद्ध काम सुरू होते.

मूळ रान कसे होते हे कळण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे देवराया. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला आणि देवाच्या नावाने राखलेली ही राने म्हणजे त्या त्या भागातील मूळ वनस्पतींचा साठा असल्याचे दाखवून दिले. अकोले तालुक्यात अशा राया आहेत. पूर्वेकडच्या कोरड्या तालुक्यांत म्हसोबा, खंडोबा, बिरोबा यांच्या ठाण्यांभोवती वाचलेली चार-दोन जुनी झाडे, ओढ्याची दुर्लक्षित कड आणि जुने बांध हेच काम करतात. कोणत्याही पडीक जमिनीवर काम सुरू करण्यापूर्वी आठ-दहा किलोमीटरच्या परिसरातील अशा जागा पाहून झाडांची यादी करावी. तीच यादी पुढे बियाण्याचा स्रोत ठरते.

जमीन पडीक कशी होते

ऱ्हासाची सुरुवात बहुधा झाडापासून होते, पण त्याचा कळस मातीत होतो. सरपणासाठी आणि कोळशासाठी मोठी झाडे जातात. मग जनावरे खोडाचे कोवळे फुटवे खातात. गवत फुलण्याआधीच चरले गेल्यामुळे त्याचे बी पडत नाही. पवना, मारवेल यांसारखी बहुवर्षायू, चाऱ्याला उत्तम गवते मागे हटतात आणि त्यांच्या जागी जनावरांना नकोशी कुसळी उरते. उघड्या जमिनीवर पावसाचा थेंब जोराने आदळतो, मातीचे बारीक कण सुटे होतात, तेच कण मातीची छिद्रे बुजवतात आणि वर पापुद्रा धरतो. त्यानंतरचे पाणी मुरण्याऐवजी वाहते आणि जाताना माती घेऊन जाते. ओढा पावसात गढूळ वाहतो आणि दिवाळीपर्यंत कोरडा पडतो, विहिरी तळ गाठतात. गाय-म्हैस परवडेनाशी झाली की शेळ्या-मेंढ्यांवर भर येतो आणि उरलेल्या झुडपांवरचा भार आणखी वाढतो.

१९७२ च्या दुष्काळाने ही घसरण महाराष्ट्राला उघडी करून दाखवली. त्याच दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली, आणि पुढे मृद्‌संधारणाची व वनीकरणाची पुष्कळ कामे या योजनेतून झाली.

राखण

पडीक दिसणाऱ्या उतारावर पहिली दोन वर्षे करण्याजोगे सर्वांत मोठे काम म्हणजे तिथे जनावर आणि कुऱ्हाड जाऊ न देणे. याचे कारण जमिनीखाली आहे. धावडा, पळस, बोर, हिवर, खैर, मोई ही झाडे तोडली आणि चरली गेली तरी त्यांची मुळे वर्षानुवर्षे जिवंत राहतात. जवळ जाऊन पाहिले तर हातभर उंचीचे, चपटे, टोके खुडलेले झुडूप दिसते. त्याच्या बुडाशी मात्र मनगटाएवढे किंवा त्याहूनही जाड, गाठाळलेले खोड असते. ते रोप नसून जुने झाडच असते. त्याचे मूळ मुरमाच्या भेगांत खोल उतरलेले असल्यामुळे राखण मिळताच ते एका पावसाळ्यात जी वाढ घेते, ती नर्सरीतल्या रोपाला अनेक वर्षांत साधत नाही.

अशा बुंध्यातून आठ-दहा फुटवे येतात. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस त्यांतले जोमदार, सरळ असे एक-दोन ठेवून बाकीचे कापावे, म्हणजे मुळांचे सारे बळ त्यांना मिळते. कापलेले फुटवे सरपणाला येतात. आफ्रिकेतील नायजर देशात टोनी रिनॉडो यांनी १९८० च्या दशकात शेतकऱ्यांबरोबर हीच पद्धत रुजवली आणि तिथे सुमारे ५० लाख हेक्टरवर झाडे परत आली. या कामासाठी त्यांना २०१८ मध्ये राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. तिथला पाऊसही आपल्या पर्जन्यछायेतील पावसाइतका किंवा त्याहून कमी आहे.

राखणीत वणव्याचा बंदोबस्तही येतो. चराई थांबली की गवत वाढते आणि वाळलेले गवत फेब्रुवारीपासून ठिणगीची वाट पाहत असते. म्हणून पावसाळा संपताच गवत कापून नेणे आणि हद्दीवर जाळरेषा घेणे ही दोन्ही कामे दरवर्षी करावी लागतात.

पाणी आणि माती

दुसरे काम माथ्यापासून पायथ्याकडे पाणी अडवण्याचे. उतारावर समपातळीत खोदलेले सलग समतल चर हे त्याचे मुख्य साधन आहे. त्याचा हिशेब सोपा आहे. एक हेक्टरवर ४० मिलिमीटरची एक जोरदार सर पडली तर ४ लाख लिटर पाणी येते. उघड्या उतारावरून त्यातले निम्मे वाहून जाते असे धरले, तर २ लाख लिटर अडवायचे आहे. ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल चराच्या एका मीटरमध्ये १८० लिटर पाणी मावते. म्हणजे हेक्टरी सुमारे १,१०० मीटर चर लागतात आणि दोन ओळींत साधारण ९ मीटर अंतर पडते. उतार अधिक असेल तर ओळी जवळ येतात, माती खोल असेल तर लांब जातात.

चराची पातळी चुकली तर पाणी एका टोकाला साचते, तिथून फुटते आणि नवी घळ पाडते. म्हणून ए आकाराची लाकडी चौकट किंवा पाण्याची नळी घेऊन आखणी करावी लागते. खोदलेली माती उताराच्या खालच्या अंगाला लावायची आणि ओळीत येणारी झुडपे तशीच ठेवून चर मध्ये तोडायचा. चराखालच्या ओघळींत अनगड दगडांचे छोटे बांध, त्याखाली माती नाला बांध असा क्रम ठेवला, की पायथ्याचे बांध गाळाने भरत नाहीत. वरचे सोडून आधी नाल्यात बांध घातले तर दोन-तीन पावसाळ्यांत ते निकामी होतात.

आधी गवत, मग झाड

राखण आणि मुरलेले पाणी यांचा पहिला परिणाम गवतात दिसतो. पहिल्या वर्षी कुसळी आणि रानतण माजते. नंतर दगडांच्या आडोशाला आणि काटेरी जाळ्यांत तगून राहिलेली पवना, मारवेल ही गवते बी टाकू लागतात आणि पसरतात. त्यांच्या दाट, तंतुमय मुळ्या माती बांधून ठेवतात. वाळवी आणि शेणकिडे काडीकचरा खाली नेतात, आणि पापुद्रा फुटून जमीन पुन्हा पाणी पिऊ लागते.

यानंतर झाडांच्या बिया रुजण्याला अर्थ येतो. बाभळीचे बी कठीण कवचाचे असते. शेंगा खाल्लेल्या शेळीच्या पोटातून गेल्यावर ते लवकर रुजते, म्हणून जाणती माणसे हे बी शेळ्यांच्या वाड्यातून गोळा करतात. ज्या शेळीपासून रान राखायचे, तीच त्याची बी-प्रक्रियाही करते. बुलबुल, कोकीळ, मैना या पक्ष्यांनी बोर, कडुनिंब, उंबर यांच्या बिया बाभूळ-हिवराच्या फांद्यांवर बसून खाली टाकल्या की काटेरी सावलीत त्या जगतात. जनावराचे तोंड तिथे पोहोचत नाही आणि ऊनही बेताचे लागते. बांधावरचे पुष्कळसे कडुनिंब असेच उगवलेले असतात. बाभूळ, खैर, हिवर यांच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र जमिनीत आणतात आणि मागून येणाऱ्या झाडांसाठी माती तयार होते.

लागवड

जिथे मुळेही उरलेली नाहीत आणि जवळपास बी देणारे झाड नाही, तिथे मात्र लागवड करावीच लागते. ती करताना प्रत्येक झाडाचा स्वभाव पाहावा लागतो. कडुनिंबाचे बी काही आठवड्यांतच उगवणशक्ती गमावते. ते पडताच पेरले पाहिजे. बहाव्याचे बी घासून किंवा गरम पाण्यात भिजवून घ्यावे लागते. सालई, मोई, पांगारा यांच्या जाड फांद्या पावसाच्या तोंडाशी रोवल्या तरी लागतात. अंजन सुरुवातीची वर्षे वर फारसा वाढत नाही; त्या काळात तो सोटमूळ खोल उतरवत असतो. असे रोप प्लास्टिकच्या लहान पिशवीत वर्षभर ठेवले तर सोटमूळ तळाशी गुंडाळते आणि पुढे ते झाड पाणी गाठू शकत नाही. त्यामुळे अंजन, बोर, खैर, हिवर यांचे बी चराच्या मातीवर थेट टोकणे हाच चांगला मार्ग आहे.

जपानचे वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांच्या नावाने ओळखली जाणारी दाट लागवड आता शहरांत लोकप्रिय आहे. चौरस मीटरला तीन-चार रोपे, खोल खणलेली आणि खत घातलेली माती, आणि दोन-तीन वर्षे नियमित पाणी अशी ती पद्धत आहे. जिथे पाणी आहे अशा शाळेच्या किंवा कार्यालयाच्या आवारात ती शोभते. ४५० मिलिमीटर पावसाच्या मुरमाड उतारावर तिचा खर्चही पेलत नाही आणि तेवढी दाटी निसर्गतःही तिथे नसते.

निलगिरी, सुबाभूळ, गिरिपुष्प, काशिद, ऑस्ट्रेलियन बाभूळ ही झाडे लवकर वाढतात आणि त्यांतल्या काहींना जनावरे तोंड लावत नाहीत, म्हणून गेल्या काही दशकांत ती टेकड्यांवर मोठ्या प्रमाणात लावली गेली. सुबाभळीचा पाला चारा म्हणून आणि गिरिपुष्पाचा पाला हिरवळीचे खत म्हणून शेताच्या बांधावर उपयोगी आहे. जंगलात मात्र इथल्या पक्ष्यांना, फुलपाखरांना, मधमाश्यांना जे विविध अन्न लागते ते या झाडांच्या एकसुरी लागवडीतून मिळत नाही. वेडी बाभूळ आणि घाणेरी तर स्वतःहून पसरून देशी रोपांची जागा बळकावतात. ती एकदम उपटून जमीन उघडी करू नये. देशी झाड वाढत जाईल तसतशी टप्प्याने, मुळासकट काढावीत.

तीन गावे

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे अण्णा हजारे १९७५ मध्ये परतले आणि पाणलोटाच्या कामाला सुरुवात झाली. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, कुटुंबनियोजन आणि श्रमदान हे नियम गावाने स्वीकारले. जमिनीची राखण हा गावाच्या एकंदर शिस्तीचा भाग आहे, हा या गावाचा मोठा धडा.

नगर तालुक्यातील हिवरे बाजारने तो पुढे नेला. १९७२ नंतर हे गाव उजाड होत गेले होते. माणसे मजुरीसाठी बाहेर पडत होती. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि १९९४ मध्ये गाव आदर्श गाव योजनेत आले. वनविभागाबरोबर संयुक्त वनव्यवस्थापनातून गावाभोवतीच्या सुमारे ७० हेक्टर उजाड वनजमिनीचे पुनरुज्जीवन झाले. डोंगरावर समतल चर झाले आणि मोकाट चराई बंद झाली. गवत मात्र गावाचेच राहिले. ठरलेली रक्कम भरून कापून न्यायचे, जनावर सोडायचे नाही. २००० मध्ये सुमारे १०० टन असलेले गवताचे उत्पादन २००४ मध्ये ६,००० टनांवर गेले. १९९० च्या दशकाच्या मध्यात रोज १५० लिटरच्या आसपास असलेले दूध पुढे ४,००० लिटरपर्यंत पोहोचले. शेतीसाठी विंधनविहिरी आणि उसासारखी पाणीखाऊ पिके गावाने नाकारली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवण्याचा प्रघात पाडला. पवार यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. चराई बंद केली की दूध कमी होईल ही साऱ्या गावांची भीती असते. हिवरे बाजारचे आकडे त्या भीतीला उत्तर देतात.

शिर्डीला याहून जवळचे उदाहरण संगमनेर तालुक्यातील दरेवाडीचे. स्विस जेझुइट धर्मगुरू हर्मन बाखर यांनी या जिल्ह्यात अनेक दशके काम केले. त्यांच्या प्रयत्नांतून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आणि १९९३ मध्ये वॉटर ही संस्था उभी राहिली. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या दरेवाडीत १९९६ पासून पाच वर्षे हे काम झाले. इथे गावाला आधी श्रमदान आणि चराईबंदी स्वतः पाळून दाखवावी लागे, मगच पैसा येई. क्षेत्र टप्प्याटप्प्याने बंद केले, कारण शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्या घरांना एकाएकी सारा डोंगर बंद झाला तर त्यांनी जायचे कुठे, हा प्रश्न खरा होता. राखणीची झळ सर्वांत आधी भूमिहीन आणि मेंढपाळ घरांना बसते. गवताचा, सरपणाचा आणि मजुरीचा पहिला वाटा त्यांना दिला नाही, तर कुंपण रातोरात मोडते आणि ते मोडणाऱ्याला दोष देता येत नाही.

माळ म्हणजे पडीक नव्हे

एक सावधगिरी मात्र घ्यावी. झाड नसलेली प्रत्येक जमीन उजाड नसते. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी अभयारण्य १९८० मध्ये काळविटांसाठी राखले गेले. सोलापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य झाले. काळवीट, लांडगा, खोकड, चंडोल, धाविक आणि माळढोक यांना उघडा, गवताळ माळच लागतो. अशा माळावर ओळीने झाडे लावली तर एक जिवंत परिसंस्था मोडते. तिथे राखणीचा अर्थ गवत राखणे एवढाच आहे. जुनी खोडे, मुळांचे फुटवे आणि ओघळीकाठची झाडे दिसली तर ती जमीन रानाची. पिढ्यान्‌पिढ्या गवतच राहिले असेल तर ती माळाची.

शिर्डी आणि परिसर

शिर्डी-राहात्याचा सखल भाग गोदावरीच्या कालव्यांनी भिजतो. इथे ऊस आणि पेरू पिकतो. इथली समस्या वेगळी आहे. अतिपाण्याने आणि निचरा नसल्याने कालव्याकाठच्या जमिनी क्षारपड, चोपण होतात. अशा जमिनीवर आधी निचऱ्याचे चर काढावेत आणि मग क्षार सोसणारी बाभूळ, करंज, अर्जुन ही झाडे लावावीत. राहाता तालुक्याच्या उंचावरच्या कोरड्या भागासाठी निळवंडे धरणाचा डावा कालवा झाला. २६ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याचे लोकार्पण झाले. कालव्याखालचे शेत आता भिजेल, पण कालव्याच्या वरच्या टेकड्यांवर पाणी चढणार नाही. तिथली माती खाली येत राहिली तर ती ओढ्यांत, चाऱ्यांत आणि शेतांत साचेल. म्हणून या टेकड्या, गायराने आणि ओढ्यांच्या कडा राखणे हे कालव्याच्या पाण्याइतकेच निकडीचे आहे.

शिर्डीला झाडाचे आणि ते जगवण्याचे मोल नवीन नाही. गुरुस्थानचा निंब लाखो माणसांनी पाहिला आहे. साईबाबांनी शिर्डीत फुलझाडे लावली, वामन तात्या त्यांना रोज दोन कच्चे घडे देत आणि बाबा स्वतः पाणी घालत, अशी नोंद श्रीसाईसच्चरितात आहे. लावणाऱ्यानेच पाणी घालावे, हा या नोंदीतला व्यवहार वृक्षारोपणाच्या प्रत्येक कार्यक्रमाला लागू आहे.

भारतात वनमहोत्सव १९५० पासून होतो. महाराष्ट्रात १ जुलै २०१६ रोजी एका दिवसात २ कोटींहून अधिक रोपे लावली गेली. लावणारे हात कधीच कमी पडले नाहीत. पाच वर्षे राखणारी व्यवस्था कमी पडते. म्हणून परिसरातील प्रत्येक ग्रामसभेने या पावसाळ्यापूर्वी एक उतार निवडावा, तो पाच वर्षे बंद ठेवण्याचा ठराव करावा, गवताच्या वाटपाचा नियम त्याच ठरावात लिहावा, आणि मेंढपाळ घरांचा वाटा त्यात सर्वांत वर ठेवावा. रोपांची मागणी त्यानंतर करावी. बहुतेक ठिकाणी ती अपेक्षेपेक्षा फार कमी लागतील.